सिनेटरने विधेयक मांडलं म्हणजे नेमकं काय झालं?

सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं. अमेरिकी कंपनीने परदेशातल्या माणसांकडून काम करून घेतलं आणि त्याचे पैसे बाहेर पाठवले, तर त्या रकमेवर २५ टक्के कर लावायचा, हा त्याचा गाभा. बातमी आली आणि हिंजवडी-खराडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कुणाची नोकरी राहणार, कुणाची जाणार याचे हिशोब सुरू झाले. काहींनी तर 'कायदा झाला' असंच पुढे ढकललं. तोवर झालं होतं ते एवढंच : शंभरातल्या एका सदस्याने एक मसुदा सभागृहात दाखल केला होता आणि तो समितीकडे गेला होता.

मोरेनो हे कुणासाठी करत होते, तेही पाहायला हवं. ओहायो हे कारखान्यांचं राज्य, आणि त्यातले बरेच कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले किंवा बाहेर गेले. करातून येणारा पैसा अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा, असंही विधेयकात आहे. आपल्याला ते आपल्यावरचं संकट वाटतं. मोरेनोंच्या दृष्टीने ते ओहायोतल्या मतदाराला दिलेलं उत्तर आहे.

आपल्या राज्यातल्या लोकांसाठी दिल्लीत, म्हणजे तिथल्या वॉशिंग्टनमध्ये, काहीतरी पदरात पाडून घेणं हा सिनेटरच्या कामाचा मोठा भाग. ते काम कसं चालतं हे एकदा समजलं की अशा बातम्यांना किती घाबरायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं. आणि यातला बराचसा खरा व्यवहार विधेयक मांडण्याच्या बाहेरच होतो.

राज्य केवढंही असो, सिनेटर दोनच

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिचं एक सभागृह प्रतिनिधीगृह : ४३५ सदस्य, लोकसंख्येच्या प्रमाणात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार बसतात ते तिथे. दुसरं सभागृह सिनेट. ५० राज्यं, प्रत्येकाचे दोन, असे १०० सदस्य. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं होती आणि वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख. तरी दोघांचे सिनेटर दोन-दोनच. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक सदस्य असतो. तो हिशोब तिथे लागू नाही.

'सिनेट म्हणजे तिकडची राज्यसभा' असं आपण सोयीसाठी म्हणतो. पण राज्यसभेचा खासदार आमदारांच्या मतांवर निवडून येतो, आणि २००३ पासून तो त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही राहिलेली नाही. सिनेटर १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, सहा वर्षांसाठी, आणि निवडणुकीच्या वेळी तो त्याच राज्याचा रहिवासी असावा लागतो. आपल्यापैकी किती जणांना महाराष्ट्राच्या १९ पैकी चार खासदारांची नावं सांगता येतील? तिकडच्या माणसाला आपले दोन सिनेटर सहसा ठाऊक असतात, निदान शिव्या घालण्यापुरते तरी.

याहून मोठे फरक दोन. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदाच नाही. पक्षनेता रागावेल, चांगली समिती देणार नाही, पुढच्या निवडणुकीत पक्षातूनच कुणाला तरी उभं करेल. पण सिनेटरचं पद काढून घेऊ शकत नाही. दुसरं, आपल्याकडे महत्त्वाची विधेयकं मंत्री आणतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षालाही स्वतः विधेयक मांडता येत नाही, त्यालाही एखादा सदस्य गाठावा लागतो. म्हणजे तिथलं प्रत्येक विधेयक आपल्या भाषेत 'खासगी विधेयक', म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं, झालं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आजवर १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये.

मांडायला काही लागत नाही

अमेरिकेच्या काँग्रेसचा एक कार्यकाळ दोन वर्षांचा. तेवढ्यात दोन्ही सभागृहांत मिळून दहा हजारांहून जास्त विधेयकं येतात. त्यातली कायदा होतात ती काहीशेच, आणि त्यातही पोस्ट ऑफिसला कुणाचं नाव द्यायचं अशी बरीच. उरलेली बहुतेक समितीत पडून राहतात. समितीचा अध्यक्ष विषय चर्चेला घेतच नाही, संपलं. दोन वर्षं उलटली की पडून असलेली सगळी विधेयकं बाद होतात. पुन्हा मांडायचं तर नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून.

मग मांडतात तरी का? गावाकडच्या वर्तमानपत्रात बातमी येते, हे उघड कारण. पण त्यात नुसती दिखाऊगिरी असते असं मला वाटत नाही. मांडलेलं विधेयक म्हणजे लिहून तयार असलेला मजकूर. वकिलांच्या नजरेखालून गेलेला, खर्चाचा अंदाज काढून घेता येईल असा. संधी आली की तो उचलून दुसरीकडे बसवता येतो. संधी चार वर्षांनी येवो की चौदा.

शेवटची एसटी

ही संधी येते कशी, ते आपल्या गावाकडच्या शेवटच्या एसटीवरून समजेल. दिवसभर गाड्या येतात-जातात, कुणी घाई करत नाही. पण रात्रीची शेवटची गाडी फलाटाला लागली की ज्याचं त्याचं बोचकं टपावर चढवायची धावपळ उडते, कारण ही चुकली तर सामान इथेच राहणार. आणि ही गाडी सुटणार हे मात्र सगळ्यांना माहीत असतं.

अमेरिकेत दरवर्षी काही विधेयकं अशी असतात की ती मंजूर केल्याशिवाय गत्यंतर नाही. सरकारी खर्चाचं विधेयक त्यातलं मुख्य. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. मंजुरीची मुदत संपली आणि नवी मंजुरी झाली नाही तर सरकारी कचेऱ्यांना टाळं लागतं. संरक्षण खात्याचं वार्षिक विधेयकही असंच. एकट्याच्या बळावर कधीच मंजूर न होणारी कलमं या गाड्यांच्या टपावर चढतात. सिनेटरची हुशारी यात, की बोचकं आधीच बांधून तयार ठेवायचं आणि कंडक्टरला आपली गरज कधी पडणार हे ओळखायचं.

सहाशे डॉलरची पेन्शन

वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, गरीब, कोळशाच्या खाणींचं राज्य. १९४६ मध्ये देशभरच्या कोळसा खाणकामगारांनी संप केला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या, आणि मे महिन्याच्या अखेरीस सरकारतर्फे मंत्री ज्युलियस क्रूग व कामगारांतर्फे जॉन लुईस यांनी व्हाइट हाऊसमध्ये करार केला. टनामागे ५ सेंट बाजूला काढून कामगारांच्या कल्याणासाठी आणि पेन्शनसाठी निधी उभा करायचा असं ठरलं. खाणकामगार आजही हा करार 'सरकारने दिलेला शब्द' म्हणून सांगतात.

पुढे यंत्रं आली, खाणी घटल्या, काम करणारे कमी आणि पेन्शन घेणारे जास्त झाले. २००८ च्या मंदीत निधीची गुंतवणूक आपटली. मग कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, आणि अमेरिकी कायद्याप्रमाणे दिवाळखोरीचं न्यायालय कंपनीला पेन्शनच्या जबाबदारीतून मोकळं करू शकतं. निधीत पैसे भरणारे उरले मोजके. पेन्शन म्हणजे तरी काय, सरासरी महिन्याला सहाशे डॉलरच्या आत. विधवांना त्याहून कमी. अमेरिकेत एवढ्यात एका खोलीचं भाडंही धड सुटत नाही.

वेस्ट व्हर्जिनियाचे तेव्हाचे दोन सिनेटर म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे जो मँचिन आणि रिपब्लिकन पक्षाच्या शेली मूर कॅपिटो. मँचिन फार्मिंग्टन या खाणीच्या गावचे. १९६८ मध्ये तिथल्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार गेले, त्यात त्यांचे मामाही होते. दोघांनी २०१५ मध्ये खाणकामगारांचं आरोग्य आणि पेन्शन वाचवणारं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी समितीने ते मंजूरही केलं. पण सभागृहात काय घ्यायचं हे बहुमतातल्या पक्षाचा नेता ठरवतो. तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी ते मतदानाला आणलंच नाही.

डिसेंबर २०१६. वर्षअखेरीला हजारो निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा संपणार होता. त्याच सुमारास सरकारी खर्चाची मुदतही संपत आली. मँचिन आणि शेजारच्या राज्यांच्या काही सिनेटरांनी खर्चाचं विधेयक अडवून धरलं : विम्याचं काही करा, मगच पुढे जाऊ. मुदत संपायच्या रात्री, बाराच्या तोंडावर, त्यांनी हात मागे घेतला. हाती लागली ती फक्त चार महिन्यांची मुदतवाढ, आणि मागितली होती कायमची तजवीज. त्या रात्रीचं चित्र पराभवाचंच होतं. पण चार महिने म्हणजे एप्रिल २०१७, आणि तेव्हा खर्चाचं पुढचं विधेयक येणार होतं. मे २०१७ च्या त्या विधेयकात २२ हजारांहून अधिक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांचा आरोग्यविमा कायमचा झाला.

पेन्शन राहिली. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी मरे एनर्जी ही कंपनी दिवाळखोरीत गेली. निधीत मोठी रक्कम भरणारी ती शेवटची कंपनी. आता निधी बुडणार हे निश्चित झालं. शिवाय तो बुडाला असता तर खासगी पेन्शनला हमी देणारी सरकारी विमा संस्थाही अडचणीत आली असती. तिची स्वतःचीच तिजोरी रिकामी होत आली होती. म्हणजे ज्यांच्या राज्यात कोळशाचा खडाही निघत नाही अशा सिनेटरांनाही आता दुर्लक्ष परवडत नव्हतं. केंटकी हेही कोळशाचंच राज्य, आणि तिथले सिनेटर मॅकॉनेल २०२० मध्ये पुन्हा मतं मागायला जाणार होते. यावेळी ते मँचिन यांच्या बरोबर उभे राहिले. विधेयक नोव्हेंबरमध्ये आलं, डिसेंबरच्या खर्चाच्या विधेयकात बसलं आणि २० डिसेंबर २०१९ ला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. सुमारे ९२ हजार जणांची पेन्शन वाचली.

पैसा आणला कुठून? १९७७ च्या खाणकायद्यात पडीक खाणींच्या दुरुस्तीसाठी आणि कामगारांच्या आरोग्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे देण्याची सोय आधीच होती, वर्षाला जास्तीत जास्त ४९ कोटी डॉलर. नव्या कलमाने तो आकडा ७५ कोटी केला आणि त्यातून पेन्शनलाही वाट दिली. नवा कर नाही, नवं खातं नाही. असे बदल मंजूर होतात त्याचं एक कारण ते दिसत नाहीत.

मँचिन यांची बाजू तेवढीच सांगून थांबणं बरोबर नाही. त्यांच्या कुटुंबाचा कोळशाचा व्यवसाय होता, त्यातून त्यांना उत्पन्न मिळत होतं, आणि हवामानविषयक कायदे त्यांनी वर्षानुवर्षं रोखले किंवा पातळ केले, असा आरोप त्यांच्याच पक्षातून होत राहिला. कामगारांची पेन्शन वाचवणारा आणि कोळशाच्या धंद्याला जपणारा सिनेटर एकच होता.

एक वाक्य खोडलं

मँचिन यांच्या आधी ती जागा रॉबर्ट बर्ड यांच्याकडे होती, १९५९ पासून २०१० मध्ये मृत्यू होईपर्यंत. खर्चाचे निर्णय घेणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि राज्यात काय काय आणलं याची यादी मोठी आहे. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं केंद्र वॉशिंग्टनमधून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला नेलं ते त्यांनीच. अमेरिकेत राहून आलेल्या आणि एफबीआयचा चारित्र्य दाखला काढलेल्या मराठी माणसाने ठशांचा कागद पाठवला असेल तो याच गावी. हे केंद्र तिथे का, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर उत्तर बर्ड.

पण त्यांचं मला सगळ्यात आवडणारं काम अगदी छोटं आहे. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुप्फुसं निकामी होतात, त्याला तिकडे 'काळं फुप्फुस' म्हणतात. पूर्वी नियम असा होता की १५ वर्षं भूमिगत खाणीत काढलेल्या कामगाराला श्वासाचा विकार होऊन काम करता येईनासं झालं, तर तो खाणीमुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. १९८१ मध्ये त्या कलमाच्या शेवटी एक वाक्य जोडलं गेलं : यापुढच्या दाव्यांना हे लागू नाही. त्या एका वाक्याने सिद्ध करण्याचा भार धापा टाकणाऱ्या माणसावर आला. २०१० च्या ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या शेकडो पानांत बर्ड यांनी काही ओळींचं कलम घातलं : अमुक कलमातलं शेवटचं वाक्य खोडावं. भार पुन्हा कंपनीवर गेला, आणि कामगाराच्या मागे त्याच्या विधवेला पुन्हा सगळं सिद्ध करत बसावं लागू नये अशीही सोय झाली. कायदा मार्चमध्ये झाला, बर्ड जूनमध्ये गेले.

एकटा माणूस सगळं कसं काय अडवतो?

सिनेटचं रोजचं कामकाज बरंचसं सर्वसंमतीवर चालतं. 'कुणाची हरकत?' कुणी बोललं नाही, झालं मंजूर. एकाने जरी हरकत घेतली तरी मग रीतसर मार्गाने जावं लागतं. चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मतं हवीत, आणि त्यात दिवसचे दिवस जातात. सभागृहाचा वेळ आधीच अपुरा, म्हणून 'मी हरकत घेणार आहे' असं नेत्याला नुसतं कळवलं तरी पुष्कळदा काम अडतं. या आगाऊ हरकतीला 'होल्ड' म्हणतात.

ग्रीनकार्डच्या रांगेतल्या मराठी मंडळींनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची झाली. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये युटाचे माइक ली ते सर्वसंमतीने नेऊ पाहत होते. केंटकीचे रँड पॉल यांनी हरकत घेतली : आमच्या राज्यातल्या रुग्णालयांना परदेशी परिचारिका लागतात, रांग बदलली तर त्यांची संधी जाईल. तडजोड झाली, परिचारिकांसाठी वेगळी तरतूद आली. मग जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू आडवे आले, त्यांच्यानंतर इलिनॉयचे डिक डर्बिन. प्रत्येकाचं कारण वेगळं. शेवटी २ डिसेंबर २०२० ला सिनेटने ते सर्वसंमतीने मंजूर केलं, पण इतक्या दुरुस्त्यांनंतर मजकूर बदलला होता. प्रतिनिधीगृहाने तो पुन्हा घेतला नाही, ३ जानेवारी २०२१ ला कार्यकाळ संपला आणि विधेयक बाद झालं. रँड पॉल यांच्यावर तेव्हा आपल्या लोकांनी फार तोंडसुख घेतलं. केंटकीतल्या रुग्णालयाच्या जागी बसून पाहिलं तर त्यांनी नेमून दिलेलं काम केलं होतं.

याचा अतिरेकही होतो. फेब्रुवारी २०१० मध्ये अलाबामाचे रिचर्ड शेल्बी यांनी सत्तरेक सरकारी नेमणुका एकदम अडवल्या. हवाईदलाची इंधनवाहू विमानं आमच्या राज्यात बांधली जावीत आणि एफबीआयची स्फोटकं तपासणारी प्रयोगशाळा आमच्याकडे यावी, या दोन गोष्टींसाठी. ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच बहुतेक होल्ड मागे घेतले. प्रयोगशाळा पुढे अलाबामातल्या हंट्सव्हिलला आलीच.

ही सरळसरळ सौदेबाजी नाही का?

आहे. फक्त ती चव्हाट्यावर असते. १ जुलै २०२५ ला ट्रम्प यांचं मोठं कर-खर्च विधेयक सिनेटमध्ये ५०-५० वर अडलं (अशा अर्थसंकल्पी विधेयकाला ६० मतांची अट नसते) आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने सुटलं. बाजूने मत दिलेल्या पन्नासांत अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की होत्या, शेवटपर्यंत कुंपणावर. विधेयकात अलास्काला सोयीच्या अनेक गोष्टी आल्या. एक तर अशी : देवमाशाच्या पारंपरिक शिकारीच्या नौकाप्रमुखांना खर्चापोटी मिळणारी करसवलत १० हजार डॉलरवरून ५० हजार. अलास्कासाठी आरोग्यखर्चाचा वाढीव केंद्रीय वाटाही त्यात घालायचा होता, पण अर्थसंकल्पी विधेयकात काय बसतं याच्या नियमात तो बसला नाही म्हणून काढावा लागला. त्या नियमाचं नाव बर्ड नियम. तेच बर्ड.

लोकांना हे नेहमी पचतं असंही नाही. २००९ मध्ये आरोग्य कायद्याला मत देण्याच्या बदल्यात नेब्रास्काचे बेन नेल्सन यांनी आपल्या राज्याचा गरिबांच्या उपचारांचा वाढीव खर्च केंद्राने कायमचा उचलावा अशी तरतूद मिळवली. इतका गदारोळ झाला की ती नंतर काढून टाकावी लागली. खुद्द नेब्रास्कातही लोक चिडले. २०१२ मध्ये नेल्सन उभेच राहिले नाहीत.

ठरावीक प्रकल्पाचं नाव घेऊन ठेवलेल्या निधीला 'इअरमार्क' म्हणतात. त्याची बदनामी झाली ती अलास्कातल्या एका पुलामुळे. केचिकन हे गाव आणि समोरचं ग्राविना बेट जोडायला २००५ मध्ये वीस कोटी डॉलरहून जास्त पैसे ठेवले. बेटावर माणसं पन्नासेक. लोकांनी त्याला 'कुठेच न जाणारा पूल' ठरवलं. गावचा विमानतळ त्या बेटावर आहे, होडीने जावं लागतं, ही गोष्ट या थट्टेत बुडाली. तो निधी वादळग्रस्त लुइझियानाकडे वळवावा असा प्रस्ताव आला तेव्हा सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी राजीनाम्याची धमकी दिली. पूल शेवटी झाला नाही. २०११ पासून इअरमार्क बंद झाले आणि २०२१ मध्ये नियम घालून परत आले : कोणत्या सिनेटरने काय मागितलं ते नावासह जाहीर करायचं, आणि त्यात आपला किंवा घरच्यांचा आर्थिक स्वार्थ नाही हे लिहून द्यायचं. आपल्या खासदाराकडे वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. सिनेटरकडे असा वाटून द्यायचा निधी नसतो. त्याला दरवेळी समितीपुढे मागावं लागतं. मला ही रीत आपल्यापेक्षा बरी वाटते, निदान कुणी काय मागितलं हे घरबसल्या वाचता येतं.

मत नाही, मग आमचं कोण ऐकणार?

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मताचा अधिकार नसतो. तरीही सिनेटरच्या कार्यालयाची पायरी चढता येते. प्रत्येक सिनेटरच्या राज्यातल्या कचेरीत लोकांची अडकलेली सरकारी कामं पाहणारी माणसं असतात, आणि बहुतेक कचेऱ्या राज्यात राहणाऱ्याला मदत करतात, नागरिक असो वा नसो. गोपनीयतेच्या कायद्यामुळे आधी एक संमतिपत्र सही करून द्यावं लागतं, सोबत अर्जाचा पावती क्रमांक. मग कचेरी संबंधित खात्याला विचारणा करते आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं.

याने फाइल हरवली असेल, नेहमीच्या मुदतीपेक्षा जास्त काळ पडून असेल, चुकीच्या कचेरीत गेली असेल, तर ती हलते. रांगेत आपला क्रमांकच आला नसेल तर सिनेटरही काही करू शकत नाही, आणि निर्णय अमुकच द्या असं सांगू शकत नाही. दोन्ही सिनेटर आणि प्रतिनिधी अशा तिघांना एकदम अर्ज करू नये. एकाच फाइलवर तीन विचारणा गेल्या की कामाला उशीरच होतो.

विचारणा आणि दबाव यातली रेघ कुठे, हे सिनेटला महागात पडून कळलं. १९८७ मध्ये पाच सिनेटरांनी बँक तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलावून चार्ल्स कीटिंग या उद्योजकाच्या वित्तसंस्थेबद्दल जाब विचारला. कीटिंगने त्या पाचांच्या प्रचाराला आणि संस्थांना मोठ्या देणग्या दिल्या होत्या. संस्था १९८९ मध्ये बुडाली, हजारो सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी गेली. आम्ही तर मतदाराचं काम करत होतो, हा पाचांचा बचाव. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांना सर्वांत कडक समज मिळाली, आणि १९९२ मध्ये सिनेटने लोकांच्या कामासाठी सरकारी खात्यांशी कसं बोलायचं याचा नियमच केला : देणगीकडे पाहून कुणाचं काम करायचं की नाही हे ठरवायचं नाही.

पुढची बातमी आली की

'विधेयक सादर' एवढंच असेल तर ते कोणत्या समितीकडे गेलं आणि मांडणारा त्या समितीत आहे का, ते बघावं. सहप्रस्तावक दोन्ही पक्षांचे आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. एकाच पक्षाची दोन-तीन नावं असतील तर झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. समितीने मंजूर केलं तर लक्ष ठेवावं, तरी मँचिन-कॅपिटो यांचं पहिलं विधेयक समितीतून सुटूनही तिथेच राहिलं होतं. खरी सावध व्हायची वेळ म्हणजे सप्टेंबरची अखेर आणि डिसेंबर, किंवा एखादं मोठं कर विधेयक निघालेलं असेल तेव्हा. कुणाच्या लक्षात नसलेला जुना मजकूर त्यात चढतो.

आणि चढल्यावरही तो तसाच उतरत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतून मायदेशी पाठवलेल्या पैशावर ५ टक्के कर लावायचा मसुदा आला, तेव्हा पुण्या-नागपुरात पोरांच्या पैशावर कर बसला म्हणून आई-वडिलांचे फोन सुरू झाले. प्रतिनिधीगृहाने मंजूर करताना तो साडेतीन टक्के केला. सिनेटने एकवर आणला, तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा बँकेने काढून दिलेल्या कॅशियर्स चेकने पाठवणाऱ्यांपुरता. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात तेच आहे, १ जानेवारी २०२६ पासून लागू. अमेरिकेतल्या बँक खात्यातून थेट पाठवलेल्या पैशाला तो लागत नाही.